हेम्प तेलाची पाण्यात मिसळणारी पावडर: या चुका टाळा

हेम्पच्या पावडरचे कॅनडा-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून लोक माझ्याकडे येतात. ग्लासभर पाण्यात चमचाभर पांढरी पावडर टाकली, ढवळली, झालं काम. त्यांना अगदी तसंच हवं असतं, आणि तेही गणपतीच्या आत. तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी असल्या ट्रायल घेते. येणारा माणूस बदलतो, चुका मात्र त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी कायदा, कारण तिथे चुकलात तर मशीनपर्यंत पोचायचंही कारण नाही. तिकडची पावडर बहुतेक टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) किंवा सीबीडी (त्याच झाडातलं, पण नशा न आणणारं द्रव्य) यांच्या अर्काची असते. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे हेम्पच्या, म्हणजेच भांगेच्या झाडाचा फुलोरा. बी आणि पानं फुलोऱ्यापासून वेगळी असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत. एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नोव्हेंबर २०२१ मध्ये खाण्यासाठी मोकळं केलं ते फक्त बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ. तेलात टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवं. लेबलवर गांजाच्या पानाचं चित्र नको आणि नशा येते असं सुचवणारा एक शब्दही नको. तेल देणारा ‘एकदम सेफ आहे’ म्हणतो, तेवढ्यावर भागवू नका. प्रत्येक बॅचचा एनएबीएल-मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी ड्रमचं झाकण उघडू देत नाही.

आता माझी सर्वात जुनी तक्रार: इमल्शनला, म्हणजे तेल-पाण्याच्या दुधाळ मिश्रणाला, फाटा देणं.

तेल पाण्यात विरघळत नाही, कोणत्याही मशीनमधून काढलं तरी नाही. आपण फक्त त्याचे इतके बारीक थेंब करतो की ते पाण्यात तरंगत राहतात, आणि प्रत्येक थेंबाभोवती गम अकेशियाचा (एक खाण्याचा डिंक) किंवा ओएसए स्टार्चचा (तेल धरून ठेवेल असा बदललेला स्टार्च) पातळ पापुद्रा बसवतो; थेंब असे धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे इमल्सिफायर. मग ते दुधाळ पाणी स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेत फवारून, सुकवतो. पावडर पाण्यात पडली की तेच थेंब पुन्हा मोकळे होतात. म्हणजे सगळी करामत सुकवण्याच्या आधीच झालेली असते. तिथे हात आखडता घेतलात तर पुढे कितीही भारी ड्रायर लावा, उपयोग नाही.

ठाण्याचा एक मुलगा आला होता, हुशार आणि मेहनती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये (स्टार्चपासून केलेली, पाण्यात विरघळणारी पांढरी पावडर) तेल थेंब थेंब सोडून मिक्सरवर फिरवलं की पावडर तयार. खरंच होते पावडर, अगदी भुरभुरीत. माल्टोडेक्स्ट्रिन तेल शोषून घेतं आणि हाताला कोरडं लागतं. त्याने त्याचे पाऊच भरले आणि गोरेगावच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला. लोक ग्लासात टाकून ढवळत होते, पहिला मिनिटभर सगळं छान. मग माल्टोडेक्स्ट्रिन विरघळून गेलं, तेलाला धरून ठेवणारं काही उरलं नाही आणि प्रत्येक ग्लासावर हिरवट तवंग आला. एका बाईंनी ग्लास उजेडाकडे धरला आणि विचारलं, “हे तेल आम्ही प्यायचं का?” पोराकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला होता. “मॅडम, इमल्सिफायर नंतर वरून टाकला तर चालेल का?” नाही चालत. कोरड्या पावडरीत वरून टाकलेला इमल्सिफायर थेंब बारीक करत नाही.

माझी पद्धत अशी. गम अकेशिया आदल्या संध्याकाळी पाण्यात भिजवायचा आणि रात्रभर फुगू द्यायचा. ‘गरम पाण्यात अर्ध्या तासात होतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या इमल्शनमध्ये गमाच्या गुठळ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सकाळी माल्टोडेक्स्ट्रिन घालायचं, मग हाय शिअर मिक्सर (खूप वेगाने घुसळणारा) चालू ठेवून तेल धारेने सोडायचं. शेवटी होमोजिनायझरमधून, म्हणजे दाबाने थेंब फोडणाऱ्या मशीनमधून, २०० ते २५० बार दाबाला दोनदा काढायचं. एका वेळेत भागवू नका, दुसऱ्या वेळेस उरलेले मोठे थेंब फुटतात. थेंब एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आत आले की माझं समाधान होतं, आणि ते मी मायक्रोस्कोपखाली बघते, अंदाजाने ठरवत नाही. सुक्या मालात तेलाचं प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर नेऊ नका. ‘चाळीस टक्के घाला, स्वस्त पडेल’ हा सल्ला देणाऱ्याने पावडर हातावर घासून बघावी. जास्तीचं तेल कणांच्या बाहेर राहतं, बोटं तेलकट होतात आणि तेच तेल सर्वात आधी खवट होतं.

तयार पावडरची परीक्षा सोपी आहे. एक लिटरच्या बाटलीत दहा ग्रॅम हलवून रात्रभर उभी ठेवायची. सकाळी बाटलीच्या मानेशी तेलाची गोल रेघ दिसली तर बॅच नापास. व्हिडिओतली तीस सेकंदं मला काहीही सांगत नाहीत.

सरबत अगदी पारदर्शक हवं असेल तर सांगते, ही पावडर पाणी दुधाळच करणार. पारदर्शकतेसाठी थेंब शंभर नॅनोमीटरच्याही खाली न्यावे लागतात. तो वेगळा खेळ आहे आणि त्याचा खर्चही वेगळा.

लिंबू सरबतासाठी पावडर करत असाल तर इमल्सिफायर म्हणून सोडियम केसिनेट (दुधातल्या केसिन प्रथिनापासून केलेलं) वापरू नका. ४.६ पीएचच्या आसपास केसिन फुटतं, सरबत नासल्यासारखं दिसतं. गम अकेशिया आंबटपणात टिकतो.

ड्रायरचं इनलेट तापमान (आत जाणाऱ्या गरम हवेचं) सगळे विचारतात, आउटलेट (बाहेर पडणाऱ्या हवेचं) कुणीच विचारत नाही. माझं इनलेट १७० ते १८० आणि आउटलेट ८० ते ८५ अंश सेल्सिअस असतं. फीड, म्हणजे आत जाणारं इमल्शन, जोरात सोडलात की आउटलेट पडतं, पावडर ओली राहते आणि भिंतींना चिकटते. साखर, मध किंवा फळांचा रस इमल्शनमध्ये घातलात तरी तेच होतं. गोडवा नंतर कोरडा मिसळा.

आणि आता पावसाळा. मुंबईत हे काम करणाऱ्याने सर्वात जास्त ज्याची धास्ती घ्यायला हवी ते हेच, आणि याचाच विचार सर्वात कमी होतो.

कांदिवलीच्या एका गाळ्यात जुलैमध्ये पॅकिंग चाललं होतं. पावडर माझ्यासमोर निघाली होती, ओलावा चार टक्क्यांच्या आत, हातातून रेतीसारखी वाहत होती. दोन दिवसांनी फोन आला. “मॅडम, माल ड्रममधून निघतच नाही.” जाऊन पाहिलं. आत ढेप झाली होती, मुलं खुरप्याने तोडत होती. ड्रममधली पॉलिथिनची पिशवी नुसती मुरडून ठेवलेली. एसी होता, पण तो जेवायच्या सुट्टीत बंद व्हायचा, शटर उघडं राहायचं, आणि बाहेर हवेत नव्वद टक्के आर्द्रता. ही पावडर कोरडी असेपर्यंत कडक असते. थोडं पाणी ओढलं की नेहमीच्या तापमानालाही मऊ पडते आणि कण एकमेकांना चिकटतात. तेवढ्यावरही थांबत नाही. कणांचं कवच मऊ पडलं की आतलं तेल बाहेर येतं आणि हवेला लागतं. ती ढेप दळून विकायचा मालकांचा विचार होता. मी स्वच्छ सांगितलं, माझं नाव यात येता कामा नये. दळलेल्या मालाला महिन्याभरात ऑइल पेंटसारखा वास सुटला असता.

जून ते सप्टेंबर डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा खेचणारं मशीन) नसलेल्या खोलीत मी पॅकिंग करूच देत नाही. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा. काटा ४० टक्क्यांच्या वर गेला की काम बंद, ऑर्डर कितीही तातडीची असो. ड्रायरखालून माल थेट ॲल्युमिनियम फॉइलच्या पिशवीत, आतली हवा घालवायला नायट्रोजन मारून, लगेच सील. स्टँडअप पाऊचला पारदर्शक खिडकी हवी असा हट्ट नवीन ब्रँडवाले धरतात. खिडकीतून उजेड जातो आणि या तेलात हरितद्रव्य असतं, त्यामुळे उजेडात ते आणखी लवकर बिघडतं.

तेलाबद्दल शेवटचं. हेम्प बियांच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असतं आणि ओमेगा-३ ही भरपूर, आणि दोन्ही हवेने लवकर खवट होतात, म्हणून ते शेंगदाणा तेलासारखं कपाटात टिकणारं नाही. कोल्ड प्रेस्ड तेलांसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) पेरॉक्साइडची, म्हणजे तेल किती खवटायला लागलं ते सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा किलोमागे १५ मिलिइक्विव्हॅलंट आहे. मी ५ च्या वरचं तेल घेत नाही, कारण सुकवताना ते आणखी वाढणारच. मिश्र टोकोफेरॉल (खवटपणा लांबवणारं ई जीवनसत्त्व) तेल ड्रायरकडे जाण्याआधी त्यात घाला, बिघडल्यावर घालून काही परतत नाही. खवट तेलावर व्हॅनिलाचा किंवा वेलचीचा वास चढवणारे मी पाहिले आहेत. तसलं तेल मी आल्या पावली परत पाठवते.