करवाढीचा प्रस्ताव मुख्य सभेत जाण्यापूर्वी पुणेकरांनी काय करावे

शहराच्या सेवांसाठी पाणीपट्टी किंवा सफाईपट्टी वाढवायची की नाही, यावर आपल्याकडे नागरिकांचे थेट मतदान होत नाही. तो निर्णय महापालिकेच्या मुख्य सभेत होतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढील आर्थिक वर्षाचे करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. आयुक्तांचा प्रस्ताव त्याआधी स्थायी समितीपुढे येतो, म्हणून हालचाल जानेवारीतच करावी. एप्रिलनंतर बिल हातात पडल्यावर केलेल्या तक्रारीने त्या वर्षाचा दर बदलत नाही.

सुरुवात घरातल्या मिळकतकराच्या बिलापासून करावी. त्यात सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, पाणीपट्टी, पथकर अशा ओळी दिसतात, आणि शिक्षण करासारखी एखादी ओळ अशीही असते की तिची रक्कम महापालिका केवळ वसूल करून राज्य शासनाकडे भरते. वीजबिलातले घरगुती ग्राहकांचे 16 टक्के वीज शुल्कही राज्याकडेच जाते. त्याची तक्रार महापालिकेत नेऊन उपयोग नाही.

बिलावरील ‘वार्षिक करपात्र रक्कम’ हा आकडा वहीत टिपून ठेवावा, कारण टक्केवारीने लागणारे कर त्यावरच आकारले जातात. ही रक्कम 20,000 रुपये असेल आणि सफाईपट्टीचा दर करपात्र रकमेच्या 2 टक्क्यांइतका वाढणार असेल, तर वर्षाचा बोजा 400 रुपयांनी वाढतो.

प्रस्ताव वाचताना वाढ किती वर्षांसाठी आहे, हे मी सर्वांत आधी पाहतो, आणि प्रत्येकाने ते पाहावे असा माझा आग्रह आहे. पुण्यात 2016 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी पाणीपट्टी दरवर्षी वाढवत नेण्याचा निर्णय एकदाच झाला आणि त्याचा परिणाम पुढे कित्येक बिलांत उतरत राहिला. दरसाल 15 टक्के ही वाढ बेताची वाटते, परंतु ती सलग पाच वर्षे लागू झाली तर 1,000 रुपयांची पट्टी 2,011 रुपयांवर जाते. त्यानंतर हा पैसा त्याच सेवेसाठी राखून ठेवण्याचे बंधन प्रस्तावात लिहिलेले आहे का, हे तपासावे. केवळ ‘उत्पन्नवाढीसाठी’ एवढेच कारण दिले असेल तर नेमकी कोणती कामे होणार, हे लेखी विचारावे.

प्रस्तावाची प्रत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे किंवा शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीतील नगरसचिव कार्यालयात मागावी. माहितीच्या अधिकारातील अर्जाला 10 रुपये शुल्क लागते, मात्र उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असल्याने तो डिसेंबरातच द्यावा.

निवेदन एका पानाचे असावे: मिळकत क्रमांक, आपल्या बिलावर होणारा परिणाम आणि एकच स्पष्ट मागणी. सोसायटीतील रहिवाशांच्या सह्या घेतल्यास उत्तम. त्याच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. सभा झाल्यावर त्याच पोहोचेच्या आधारे ठरावाची प्रत मागावी आणि मंजूर झालेला दर नव्या बिलातील ओळीशी पडताळून पाहावा.