खेळ रंगला, पाठ बुडाला: वर्गात खेळ घेताना या चुका टाळा

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दर महिन्याला कोणीतरी मोबाइल पुढे करतं. "मॅडम, बघा, काल वर्गात काय धमाल आली!" व्हिडिओत चाळीस पोरं उड्या मारतायत, किंचाळतायत, मागे फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'पाढे' लिहिलेलं. मी विचारते, "मग पाढे आले का?" समोरचा जरा हिरमुसतो. मला खडूस म्हणतात ते यामुळेच.

खेळ मीही घेते. जिल्हा परिषदेच्या शाळांत एकोणीस वर्षं घेतेय, मराठीला, गणिताला, विज्ञानाला, इतिहासालासुद्धा. पण कुठलाही खेळ दिसला की मी दोनच गोष्टी बघते. चाल करायला विषय लागतो का? आणि ती चाल किती पोरांना स्वतः करावी लागते? खालच्या बहुतेक चुका या दोन ठिकाणीच होतात. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात, म्हणून एवढ्या अधिकारवाणीने बोलतेय.

एकीची उडी, तिसांची नक्कल

तळ्यात-मळ्यात हा माझा हुकमी खेळ. साहित्य लागत नाही, खडूची एक रेघ पुरते, आणि सम-विषम असो की नाम-क्रियापद, दोन खणांत पडणारं काहीही त्यात बसतं. काही वर्षांपूर्वी आठवीला आम्ल-आम्लारी शिकवून झाल्यावर वर्ग मैदानात नेला. रेघेच्या अलीकडे तळं म्हणजे आम्ल, पलीकडे मळा म्हणजे आम्लारी. लिंबू म्हटलं, एकतीस पोरं तळ्यात. साबणाचं पाणी म्हटलं, एकतीस मळ्यात. चिंच, ताक, चुन्याची निवळी, खायचा सोडा... एक चूक नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मग माझीच जीभ घसरली. म्हणून बसले, "मीठ!" मीठ उदासीन, त्याला ना तळं ना मळा. म्हटलं, आता गोंधळ उडेल, कोणीतरी "बाई, मीठ कुठे?" विचारेल. छे. अख्खा वर्ग एका दमात तळ्यात! तेव्हा पहिल्यांदा मी पोरांचे पाय सोडून डोळे बघितले. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. पहिल्या रांगेत एक हुशार मुलगी होती, आणि बाकीची तीस जणं तिच्या टाचांवर नजर लावून उभी होती. तिची टाच उचलली की उडी. दुसऱ्या दिवशी तेच पदार्थ वहीत लिहायला दिले. सगळे बरोबर आले सहा जणांचे, त्यातली एक ती.

आता माझी पद्धत वेगळी आहे. पदार्थाचं नाव घेतलं की आधी हात छातीशी. मूठ म्हणजे आम्ल, उघडा पंजा म्हणजे आम्लारी. मी "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम दाखवायचं, उडी त्यानंतर. हात एक आणि उडी दुसरीकडे, तर उडी बाद. शिवाय रेघेच्या जागी मी दोन वीत रुंद पट्टा आखते, तो बांध. मीठ, साखरेचं पाणी बांधावर थांबणार. आणि मूठ-पंजावरून वर्गात दोन तट पडले की उत्तर सांगायची घाई करत नाही, हळदीचा कागद काढते. साबणाच्या पाण्यात तो लालसर होतो, लिंबात पिवळा राहतो. मिठाच्या पाण्यातही पिवळाच राहतो, मग कोणीतरी म्हणतं, "बाई, लिंबू आणि मीठ सारखंच की!" तिथे निळा लिटमस काढायचा. लिंबाने तो लाल होतो, मिठाने होत नाही. हा वाद व्हावा म्हणून तर खेळ घ्यायचा.

स्वतः न खेळलेला खेळ वर्गात नेणं

व्हॉट्सअॅपवर शैक्षणिक खेळांच्या पीडीएफ फिरत असतात. रात्री उघडायची, सकाळी वर्गात घ्यायचा. नव्याने लागलेले शिक्षणसेवक यात फार पुढे. त्यांच्या उत्साहाला नावं ठेवत नाही, पण घाईला ठेवते. वेळ कुठे असतो, असं म्हणतात. मीही म्हणायचे, पाढ्यांच्या तंबोल्याने अद्दल घडवेपर्यंत.

पाचवीचा वर्ग. प्रत्येकाने वहीत तीन बाय तीनची चौकट आखायची आणि 1 ते 90 मधले कुठलेही नऊ आकडे भरायचे. मी श्रीखंडाच्या डब्यातून चिठ्ठी काढणार, "सात आठे" म्हणणार, ज्याच्याकडे 56 असेल त्याने काट मारायची. एक एके एक ते दाहे दाहे शंभर अशा शंभर चिठ्ठ्या रात्री कापून ठेवल्या. खेळून मात्र बघितलं नाही.

वीसेक मिनिटांनी कोपऱ्यातला एक मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. चौकटीत 53, 58, 61, 67, 72, 74, 79, 83, 86. मोठे आकडे बाकी कोणी घेणार नाही, असा त्याचा हिशेब. काट फक्त 72 वर. "बाई, माझे आकडे डब्यात टाकले नाहीत का?" टाकले नव्हते, आणि टाकणं शक्यही नव्हतं. 1 ते 10 च्या पाढ्यांत घरं शंभर असली तरी वेगवेगळे आकडे फक्त 42 आहेत. 50 च्या पुढे 90 पर्यंत तर दहाच: 54, 56, 60, 63, 64, 70, 72, 80, 81, 90. माझ्या खेळात त्याला जिंकायची सोयच नव्हती, आणि ते त्याला माझ्याआधी कळलं.

पुढच्या वेळी आधी ते 42 आकडे पोरांनाच शोधायला लावले. त्यात अर्धा तास गेला, आणि खरं सांगायचं तर पाठ त्या अर्ध्या तासात झाला, तंबोला नुसता जेवणानंतरचा विडा. मग तिसऱ्या वेळी एक मुलगी लागोपाठ तीन डाव जिंकली. तिची चौकट मागितली: 6, 8, 10, 12, 18, 20, 24, 30, 40. शंभर चिठ्ठ्यांत हे नऊ आकडे प्रत्येकी चार वेळा येतात. 24 बघा: तीन आठे, आठ त्रिक, चार सक, सहा चोक. याउलट 49 किंवा 81 एकदाच. चार वेळा येणारे आकडे बरोबर नऊच आहेत आणि तिने घरी तक्ता मांडून ते हुडकले होते! मी तिला अडवलं नाही. पुढच्या शनिवारी सगळ्या वर्गाची चौकट तीच होती आणि अठ्ठावीस जणं एकदम "तंबोला!" म्हणून ओरडली. शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले.

तेव्हापासून नवा खेळ घरी दोनदा खेळल्याशिवाय वर्गात नेत नाही. एक डाव सरळ, एक डाव मुद्दाम चुका करत. दुसरा डाव जास्त शिकवतो.

सापशिडी म्हणजे गणित, हा गैरसमज

बाजारचा पट उघडायचा, फासा द्यायचा, की 'गणितपेटीचा वापर केला' असं रोजच्या टाचणवहीत लिहायला मोकळे. सापशिडीत जिंकवतो फासा. पोर चार पडले की "एक, दोन, तीन, चार" म्हणत सोंगटी सरकवतं, त्यासाठी 23 किंवा 27 वाचता यायचीही गरज नाही.

माझा पहिला नियम: 23 वर आहेस आणि 4 पडले, तर "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" असं म्हणतच सरकायचं. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी 2014 मध्ये नेमकं हेच दाखवलं. 100 पर्यंतच्या पटावर घरातला आकडा घेऊन पुढे मोजणारी मुलं संख्या जास्त चांगल्या शिकली, दरवेळी एकपासून मोजणारी तेवढी शिकली नाहीत. शिवाय एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत अडखळणारं पोर इथे लगेच सापडतं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हटलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता! अडचण मात्र खरीच आहे.

दुसरं, बाजारचा पट नागमोडी असतो. एक ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून. त्यामुळे 7 च्या डोक्यावर 14 येतो आणि 2 च्या डोक्यावर 19. शतक तक्त्यात मात्र 7 खालोखाल 17, 27. दुसरीतल्या पोराने नेमकं कशावर विश्वास ठेवायचा? मी कार्डशीटवर स्वतःचा पट आखते, सगळ्या ओळी डावीकडूनच. आणि सापाच्या तोंडाशी आलेल्याला सुटकेची एक संधी असते. तोंड 47 वर, शेपूट 19 वर, किती घरं घसरणार? 28 सांगितलंस तर वाचलास. पोरं बोटं, मणी, काय वाटेल ते वापरतात पण वजाबाकी करतात, कारण आता साप खरोखरचा चावणार असतो.

भेंड्यांत भूगोल

जिल्ह्यांच्या भेंड्या खेळून बघा. पाच मिनिटांत गाडी 'र'वर अडते. आपल्या 36 जिल्ह्यांपैकी नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, लातूर, चंद्रपूर, पालघर, नंदुरबार असे दहाच्या वर 'र'वर संपतात आणि 'र'ने सुरू होणारे दोन, रत्नागिरी आणि रायगड. पण अडली नसती तरी काय? पोरं शेवटचं अक्षर शोधतात, नकाशाकडे ढुंकून बघत नाहीत.

मी भेंडी सरहद्दीची लावते. आधीच्या जिल्ह्याला खेटून असलेलाच जिल्हा सांगायचा, सांगितलेला पुन्हा नाही. सातारा, सांगली, सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेड, यवतमाळ... पहिल्या दिवशी नकाशा उघडा, चौथ्या दिवशी बंद. यात समोरच्या गटाला कोपऱ्यात कोंडता येतं, सिंधुदुर्गात ढकललं की बाहेर पडायला रत्नागिरी आणि कोल्हापूर दोनच वाटा. हे एकदा उमगलं की पोरं मधल्या सुट्टीतही नकाशापाशी दिसतात.

इतिहासातही हीच गत. नाटुकल्यात सगळ्यांना मावळा व्हायचं असतं आणि तासभर फूटपट्ट्यांची तलवारबाजी चालते. अष्टप्रधानांच्या आठ चिठ्ठ्या करा, नववा महाराज. महाराजांकडे कामं येतात: परराज्याचा वकील आलाय, खजिन्याचा जमाखर्च जुळत नाही, दोन गावांचा तंटा आहे. महाराजांनी ते सुमंताकडे, अमात्याकडे की न्यायाधीशाकडे धाडायचं, आणि चुकलं तर गादी सोडायची.

'आऊट'

पाढा चुकला की खाली बस. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तो दुसऱ्या मिनिटाला बाहेर, आणि ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत सराव करतोय. माझ्या वर्गात एक मुलगा पहिल्याच फेरीत चुकायचा. रोज. सात दुणे किती, तर तेरा. शेवटी एकटं गाठून विचारलं. म्हणाला, "लवकर आऊट झालं की खिडकीपाशी बसून चित्र काढता येतं." चिडू तरी कशी? मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. आता चुकणारा बाद होत नाही, पुढच्या तिघांची उत्तरं तपासायचा पंच होतो आणि मग परत रांगेत.

मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषा

कहूट हे प्रश्नमंजूषेचं अॅप मला शत्रू वाटत नाही. पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तराला 1000 पर्यंत गुण, आणि तेच उत्तर वेळ संपता संपता दिलं तर जेमतेम 500. म्हणजे विचार करून उत्तर देणारा हरतो, आणि आमच्याकडे तर ज्याच्या बाकावर रेंज नाही तोही. प्लिकर्स बरं. पोरांच्या हातात छापील कार्डं, बाईंच्या हातात ती कार्डं टिपणारा एक मोबाइल, शर्यत नाही.

बाकीचं, चटचट

नियम सांगायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर तो खेळ तुमच्यासाठी आहे, पोरांसाठी नाही.

मुलगे विरुद्ध मुली असे गट पाडू नका. सोपं पडतं म्हणून पाडता, ठाऊक आहे.

चॉकलेट एकदा दिलंत की पुढच्या वेळी पहिला प्रश्न चॉकलेटचा.

खेळ घंटेला संपवू नका. शेवटची सात मिनिटं पाटी-वहीची, तीन प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने. मला हिसका मिठाने दाखवला, तुम्हाला कोणत्या पदार्थाने दाखवील कोण जाणे.

आणि फासा उघड्या फरशीवर टाकू देऊ नका. स्टीलच्या ताटलीत टाकायला लावा. आवाज होतो, होऊ दे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या वर्गातल्या कपाटाखालून सात फासे निघाले, आणि त्यातल्या एकाच्या सहाही बाजूंना कोणीतरी पेनाने सहा-सहा ठिपके काढून ठेवले होते.