जवळचा बंब दुसऱ्या वर्दीवर असेल तेव्हा: नाशिकमधल्या सोसायट्यांनी करायची तयारी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री रॉकेट गच्चीवरच्या अडगळीत पडतात, एप्रिल-मे मध्ये सुकलेलं गवत आणि कचरा पेटतो, वळवाच्या पावसात झाडं कोसळतात, जुन्या नाशकात वाड्यांच्या भिंती ढासळतात. या सगळ्या वर्द्या, म्हणजे मदतीसाठी आलेले फोन, अग्निशमन दलाच्या त्याच जवानांकडे जातात. 1 जानेवारी 2023 ला मुंढेगावच्या जिंदाल कारखान्यात लागलेली आग एका दिवसात विझली नाही आणि तिथे ठिकठिकाणचे बंब मागवावे लागले. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार शहरी भागात दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं आणि बंब 5 ते 7 मिनिटांत पोहोचायला हवा. महापालिकेची हद्द सुमारे 260 चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे 26 केंद्रं हवीत. तेवढी नाहीत. केंद्रं वाढवण्याची मागणी नगरसेवकांकडे लावून धराच, पण तोवर जवळचा बंब बाहेर गेलेला आहे असं धरून इमारतीची तयारी करा.

आधी वेळ मोजा. संध्याकाळी सातच्या गर्दीत जवळच्या केंद्रापासून गेटपर्यंत गाडीने या, मग दुसऱ्या क्रमांकाच्या केंद्रापासून या. पाथर्डी फाट्याला सिडकोचा बंब मिळाला नाही तर शिंगाडा तलावावरून मुंबई नाका ओलांडून यावं लागेल. नाशिकरोडकडून शहरात येणाऱ्याला द्वारका चुकत नाही. तयारी या दुसऱ्या आकड्यावर करायची. त्यात वर्दी घेणं, निघणं आणि होज (पाण्याचा लांब पाइप) अंथरणं यासाठी आणखी 3-4 मिनिटं मिळवा. बहुतेक ठिकाणी हिशेब पंधरा-वीस मिनिटांवर जातो.

आता पाणी. नेहमीच्या बंबात साधारण 4,500 ते 5,000 लिटर पाणी असतं. 20 मिमी नोझलची एक धार मिनिटाला जवळपास 500 लिटर ओतते. म्हणजे एका धारेला दहा मिनिटं, दोन धारांना पाच. पुढचा टँकर दुसऱ्या आगीवर असेल तर तुमची जमिनीखालची टाकीच आधार. म्हणून फायरची (आगीसाठी राखीव) टाकी आधी भरावी आणि तिच्या ओव्हरफ्लोने घरगुती टाकी भरावी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की काही ठिकाणी फायरच्या टाकीत पाइप सोडून पाणी उपसतात. हे ताबडतोब बंद करा.

पंपाची चाचणी महिन्यातून एकदा घ्या. पंपाचं पॅनल ऑटोवर हवं. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला (आगीच्या पाण्याच्या नळाला) 63 मिमीचा होज आणि ब्रँच (होजच्या टोकाची, धार मारायची नळी) जोडा, ब्रँच दोघांनी घट्ट धरा, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. झटक्यात उघडला तर ब्रँच हातातून सुटून डोकं फोडू शकते. दाब कमी झाला की आधी जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप), मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. पाणी वाहत असताना सर्वांत वर किमान 3.5 बार दाब हवा. पाणी आलं नाही तर आधी पॅनल मॅन्युअलवर आहे का पाहा, मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह. कधीतरी गळती थांबवायला कुणीतरी तो बंद केलेला असतो आणि नंतर उघडायचं राहून जातं. डिझेल पंप असेल तर बॅटरी उतरलेली असू शकते. कपलिंगमधलं रबर वॉशर निघालेलं असेल तर निम्मं पाणी जोडावरच वाया जातं. पितळी नोझल चोरीला जातात, म्हणून होजबॉक्स उघडून डोळ्यांनी पाहा. चाचणीनंतर होज टांगून पूर्ण सुकवा आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला, नाहीतर तो घडीवरच फाटतो.

6 किलोचं एबीसी पावडर सिलिंडर जेमतेम 15-20 सेकंद चालतं. दोन-तीन मीटरवरून, आगीच्या बुडाशी मारा आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. एका सिलिंडरने आग आटोक्यात आली नाही तर दार ओढून घ्या आणि माणसं खाली काढा. पार्किंगमधली मीटररूम पेटली तर आत शिरू नका, पाणी मारू नका. महावितरणला कळवून पुरवठा तोडायला सांगा. तिचा धूर जिन्यातून वर चढतो, तेव्हा वरच्यांनी दार बंद करून फटीत ओला टॉवेल लावावा आणि बाल्कनीत थांबावं. जिना धुरापासून मोकळा असेल तरच उतरावं. लिफ्ट वापरू नये. ई-स्कूटरची बॅटरी पावडरने विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा पेटते, कारण आतली उष्णता कायम असते. तिला लांबून भरपूर पाणीच लागतं. चार्जिंग पॉइंट जिन्याजवळ नको तो याचसाठी.

101 वर फोन करणारा एकच माणूस ठरवा. लागला नाही तर 112. काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, कोणी अडकलंय का, कोणत्या रस्त्याच्या गेटने यायचं, एवढं सांगून फोन मोकळा ठेवा. एकाने कोपऱ्यावर उभं राहावं, दुसऱ्याने गेटसमोरच्या गाड्या हलवाव्यात. गेट 6 मीटर रुंद हवं, कमान असेल तर खालून 5 मीटर मोकळी उंची हवी. फायर इनलेटसमोर (बंबातून इमारतीच्या पाइपात पाणी सोडायच्या तोंडासमोर) दुचाकी लावू देऊ नका. आग विझली तर तेही लगेच कळवा. निघालेला बंब दुसऱ्या वर्दीवर वळवता येतो, आणि तिथे कोणी अडकलेलं असू शकतं. फांदी पडली पण माणूस किंवा वाहतूक अडकलेली नाही, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला फोन करा.

आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत लागतं. एजन्सीने पाणी चालवून दाखवल्याशिवाय ते घेऊ नका.

2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी मनुष्यबळ रामकुंड आणि तपोवनाकडे जाईल, रस्त्यांवर बॅरिकेड लागतील. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या सोसायट्यांनी आपल्यापर्यंत बंब कोणत्या रस्त्याने येऊ शकेल हे केंद्रात जाऊन आधीच विचारावं आणि तो रस्ता वॉचमनच्या केबिनमध्ये लिहून लावावा.