शर्यतीचा अंतर-काल आलेख वाचताना या चुका टाळा

आलेखावर प्रश्न आला की अनेक विद्यार्थी सगळ्यांत वरची रेषा शोधतात आणि 'हा सर्वांत वेगवान' असं लिहून मोकळे होतात. गुण जातात ते इथेच. रेषेची उंची धावपटू कुठवर पोहोचला ते सांगते. तो किती जोरात पळतोय हे फक्त रेषेच्या चढावरून कळतं.

३०० मीटरची शर्यत घ्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. 'ब' सेकंदाला ६ मीटर अशा एकसमान चालीने पळतो. 'अ' पहिली २० सेकंदं ९ मीटरने सुसाट सुटतो, १८० मीटरवर थांबतो आणि ४० व्या सेकंदाला पुन्हा ८ मीटरने धावू लागतो. हा आलेख वहीत खरंच काढा, नुसतं वाचून तो डोक्यात बसत नाही.

४५ व्या सेकंदाला 'ब' २७० मीटरवर, 'अ' २२० वर. पुढे 'ब' आहे, पण त्या क्षणी जास्त वेगात 'अ' आहे.

३० व्या सेकंदाला दोन्ही रेषा छेदतात. 'इथे दोघांची चाल सारखी' हे उत्तर सर्रास येतं आणि ते साफ चूक आहे. तेव्हा 'अ' उभा आहे, त्याची चाल शून्य! सारखं आहे ते अंतर. 'ब' त्याला गाठून पुढे निघतोय, एवढंच. आडवी रेषा म्हणजे सपाट रस्ता नव्हे, तो थांबल्याची खूण आहे.

विजेता ठरवायला ३०० मीटरवर आडवी पट्टी ठेवा. जी रेषा तिला आधी, म्हणजे डावीकडे भेटते, ती जिंकली. 'ब' ५० सेकंदांत, 'अ' ५५ सेकंदांत. आडवं मोजलं की ५ सेकंदांचा फरक. ५० व्या सेकंदाला उभं मोजलं की ४० मीटरचा. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते बघूनच पट्टी फिरवा.

'अ'ची सरासरी चाल काढताना ९ आणि ८ ची सरासरी घेऊ नका. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, थांबलेला वेळही धरून: साधारण ५.४५ मीटर प्रति सेकंद.

खऱ्या शर्यतीत रेषा वक्र असते. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. पहिल्या २० मीटरना २.८९ सेकंद लागले, ६० ते ८० मीटरच्या टप्प्याला फक्त १.६१. त्याचा आलेख सर्वांत उभा झाला तो याच टप्प्यात.