मैफलींचा संग्रह एकत्र करण्याआधी

घरातल्या तीन-चार संगणकांवर विखुरलेलं गाणं एका जागी आणायचं असेल तर कॉपी करायला बसण्याआधी पुरेशी तयारी हवी. संग्रहात शास्त्रीय संगीत, नाट्यपदं, अभंग असतील तर ती जास्तच हवी. फायलींची नावं जुळवणारे प्रोग्राम एका नावाचं एकच गाणं असतं असं धरून चालतात. आपल्याकडे एकाच गायकाचा यमन पाच मैफलींत पाच प्रकारे गायलेला असतो आणि पाचही फायलींचं नाव ‘यमन’ एवढंच असतं. म्हणून ‘डुप्लिकेट काढा’ या बटणाला सगळी तयारी होईपर्यंत हात लावायचा नाही.

सुरुवात मोजदादीने करा. प्रत्येक संगणकावर ‘म्युझिक’ फोल्डरबरोबर डाउनलोड्स, डेस्कटॉप, जुन्या फोनचे बॅकअप आणि ड्रॉवरमधले पेनड्राइव्हही बघा. कुठे किती जीबी आहे ते कागदावर लिहा. फायलींची तारखांसकट यादी टेक्स्ट फायलीत उतरवून घ्या. विंडोजवर कॉपी केलेल्या फायलीची ‘तयार झाल्याची तारीख’ साधारणपणे बदलते, आणि खासगी मैफलीची कॅसेट संगणकावर कधी उतरवली याचा तेवढाच पुरावा कधी कधी उरलेला असतो.

सगळ्या आकड्यांची बेरीज करा आणि तिच्या दुप्पट क्षमतेच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक कामाची, दुसरी फक्त प्रतीसाठी. विंडोज आणि मॅक दोन्ही वापरात असतील तर डिस्क एक्सफॅट या दोन्हींना चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. जुन्या फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवलेली स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण ३५ एमबी घेते, म्हणजे दोन तासांहून थोड्या मोठ्या मैफलीतच ही मर्यादा गाठली जाते.

पहिली कॉपी जशीच्या तशी करा. कामाच्या डिस्कवर प्रत्येक संगणकाच्या नावाचा फोल्डर करून त्यातलं सगळं काही न हलवता, नाव न बदलता आणा. मग फ्रीफाइलसिंकसारख्या प्रोग्रामने मूळ आणि प्रत यांची तुलना करा, आणि ती आकार-तारखेवर न करता आतल्या मजकुरावर करा. याला रात्रभर लागेल, लागू द्या.

आयट्यून्स किंवा तत्सम प्रोग्राममधल्या प्लेलिस्ट, रेटिंग, किती वेळा ऐकलं याचे आकडे बहुतेक वेळा गाण्याच्या फायलीत नसतात, त्या प्रोग्रामच्या लायब्ररीत असतात. फायली हलवण्याआधी लायब्ररी एक्स्पोर्ट करून ठेवा. आयट्यून्सवरून २००९ पूर्वी विकत घेतलेलं काही असेल तर ‘एमफोरपी’ शेपटाच्या कुलूपबंद फायली वेगळ्या काढा.

आता कागद-पेन घेऊन नावं ठरवा. या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. भीमसेन जोशी एका संगणकावर बीएच-आयने, दुसऱ्यावर बीएच-डबल-ईने आणि तिसऱ्यावर ‘पं.’ लावून असतील, तर यादीत त्यांचे तीन गायक होतात. नाव देवनागरीत की रोमनमध्ये, हे एकदाच ठरवा. मी देवनागरीच्या बाजूची आहे. किशोरी आमोणकरांचं नाव आपल्या लिपीत बरोबर लिहिता येतं आणि ते तसंच दिसावं. ‘पंडित’, ‘उस्ताद’ या उपाध्या नावापुढे लावल्या की सगळे पंडित ‘प’खाली जमा होतात, म्हणून त्या वेगळ्या रकान्यात ठेवा. आणखी एक खाचखळगा: ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ’ मॅकच्या जुन्या डिस्क-पद्धतीत ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा सुटा साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी वाटतात.

टॅग म्हणजे फायलीच्या आतच लिहिलेली गायक, गाण्याचं नाव अशी माहिती. तो लिहायला एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम चांगला आहे. एमपीथ्री फायलींतल्या जुन्या पद्धतीच्या आयडीथ्री टॅगमध्ये नावाला फक्त ३० अक्षरांची जागा होती, त्यामुळे राग, ताल आणि बंदिशीचे शब्द अर्ध्यावर तुटलेले सापडतील. नवा टॅग आयडीथ्रीच्या आवृत्ती २.३ मध्ये, देवनागरी नीट साठवणाऱ्या यूटीएफ-१६ संकेतपद्धतीने लिहा. फ्लॅक फायलींत (यांत आवाज न गमावता आकार कमी केलेला असतो) राग, ताल, साथीदार, ठिकाण, वर्ष असे स्वतःचे रकाने करता येतात, ते जरूर करा. तबल्यावर आणि पेटीवर कोण होतं हे आज घरातल्या कुणाला तरी आठवत असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.

फाइल ऐकून नाव ओळखणारे प्रोग्राम, उदाहरणार्थ म्युझिकब्रेन्झ पिकार्ड, बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांना उपयोगी पडतात. खासगी मैफल त्यांच्या साठ्यात नसते, तिथे नाव तुम्हीच द्यायचं. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं ऐकत हे काम करावं, एका बैठकीत करू नये.

मग डुप्लिकेट. आतला मजकूर तंतोतंत जुळणाऱ्या फायली निर्धास्त काढा. नाव जुळतं पण लांबी वेगळी असेल तर दोन्ही ऐका. पुष्कळदा लांब प्रतीत निवेदन आणि तबला लावण्याचा आवाज शिल्लक असतो, तीच ठेवा. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते, त्यामुळे एकच ख्याल दोन फायलींत तुटलेला असू शकतो. अशा फायलींच्या नावात ‘बाजू १’, ‘बाजू २’ लिहा. एकाच गायनाची एमपीथ्री आणि फ्लॅक अशी दोन रूपं असतील तर फ्लॅक ठेवा, पण ती एमपीथ्रीतूनच फुगवलेली नाही ना हे स्पेक या प्रोग्राममध्ये आवाजाच्या पट्ट्यांचं चित्र काढून बघा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही, म्हणून चित्रात वरचा पट्टा रिकामा दिसतो. जुन्या तबकड्यांची खरखर पुसून केलेल्या प्रतींत मात्र वरचा पट्टा आधीच रिकामा असतो, तिथे चित्रावरून निकाल देऊ नका. आणि एमपीथ्रीची फ्लॅक करण्याच्या भानगडीत पडू नका. गेलेला आवाज परत येत नाही, जागा मात्र जाते.

एवढं झाल्यावर नीट लावलेला संग्रह दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. जुन्या संगणकांच्या डिस्क त्यानंतरच पुसायच्या, तेही दोन्ही प्रतींतून कुठलीही दहा-बारा गाणी शेवटपर्यंत वाजवून पाहिल्यावर.