बंद उपकरणं खातात ती वीज: शोधायची कशी आणि थांबवायची कशी

झोपायच्या आधी घरोघरी एक आरोळी ठरलेली असते, "चार्जरचं बटण बंद केलं का?" बटण बंद होतं, आरोळी ठोकणाऱ्याचं समाधान होतं आणि टीव्हीखाली कोमट होऊन बसलेल्या सेट-टॉप बॉक्सकडे कोणी बघतही नाही. आजकालचा बऱ्या प्रतीचा मोबाइल चार्जर फोन न जोडता नुसता सॉकेटमध्ये राहिला, तर ०.१ वॅटच्या आसपास वीज घेतो. वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिट भरत नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने 'बंद' केल्यावरही आठ-दहा वॅट सहज ओढत राहतो, कारण त्याच्या आतलं बरंचसं सर्किट जागंच असतं. बंद होतं ते मुख्यतः टीव्हीकडे जाणारं चित्र.

तेव्हा बटणं बंद करत सुटण्याआधी मोजायला शिका. त्यासाठी कुठलंही यंत्र विकत आणावं लागत नाही.

हिशेबाचा आकडा

एक युनिट म्हणजे १,००० वॅट एक तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे १ वॅट वीज चोवीस तास, बारा महिने चालू राहिली तर ८.७६ युनिट होतात. एवढा एक आकडा लक्षात ठेवा. १० वॅट सतत चालू असतील तर वर्षाला जवळजवळ ८८ युनिट, ५० वॅट असतील तर ४३८.

हे युनिट पैशांत मोजताना बिलाची सरासरी काढू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात. तुम्ही वाचवलेला युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होतो. महिन्याला ३२० युनिट येत असतील, तर पहिले २० वाचवण्याला जास्त किंमत आहे. वीज आकाराबरोबर त्या युनिटांचा वहन आकार आणि वीज शुल्कही कमी होतं. स्थिर आकार तेवढा जागचा हलत नाही.

पायरी पहिली: मीटरचा लाल दिवा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळच ३२०० इम्प/केडब्ल्यूएच किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. अर्थ सरळ आहे: तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला.

रात्री जेवणं आटोपल्यावर घर रोज झोपताना असतं तसं करा. दिवे, पंखे, एसी बंद. टीव्ही रिमोटने बंद. वायफाय, आरओ, मायक्रोवेव्ह नेहमी जसे असतात तसेच राहू द्या. फ्रिज मात्र या तपासणीपुरता दहा-पंधरा मिनिटं बंद करा, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला तर सगळा हिशेब बिघडतो. (परत सुरू करायला विसरू नका. फ्रिजच्या दाराला चिठ्ठी लावा, हसलं कोणी तर हसू द्या.)

आता दोन लुकलुकण्यांमधला वेळ सेकंदांत मोजा. एकदाच मोजण्यापेक्षा सलग दहा वेळा मोजून सरासरी घ्या. मग ३६,००,००० ला मीटरवरच्या आकड्याने भागा आणि जे येईल त्याला सेकंदांनी भागा. ३२०० चं मीटर असेल तर नुसतं ११२५ भागिले सेकंद. दिवा दर २५ सेकंदांनी लुकलुकत असेल तर ४५ वॅट. याचा अर्थ सगळं 'बंद' असताना तुमचं घर महिन्याला ३३ युनिट खातंय.

सोसायटीत मीटर खाली मीटर रूममध्ये असतात, त्यामुळे हे काम दोघांचं आहे. एक जण खाली मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन, दुसरा वर घरात, आणि दोघं फोनवर. मीटर रूममध्ये फक्त बघायचं, हात कशालाही लावायचा नाही. आपलं मीटर कुठलं, हे बिलावरचा मीटर क्रमांक बघून पक्कं करा. शेजाऱ्याच्या मीटरसमोर उभं राहून आपल्या घरातली बटणं बंद करणारे लोक आहेत.

घरात इन्व्हर्टर असेल तर दोन गोष्टी सांभाळा. त्याच दिवशी वीज गेली असेल तर मोजू नका, कारण बॅटरी भरण्यासाठी तो भरपूर वीज ओढत असतो. आणि मोजताना इन्व्हर्टरचा मेन बंद करू नका. तसं केलं की त्याला जोडलेली उपकरणं बॅटरीवर चालू लागतात, आणि मीटरला ती दिसेनाशी होतात.

हे सगळं जमत नसेल तर सोपा रस्ता गणपतीत कोकणात जाणाऱ्यांसाठी आहे. निघताना आणि परतल्यावर मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा. मधले तास मोजा, युनिटला १,००० ने गुणा आणि तासांनी भागा. सात दिवसांत १० युनिट पडले असतील तर सरासरी ६० वॅट. यात फ्रिज चालू ठेवला असेल तर त्याचाही वाटा येतो, हे धरून चाला.

पायरी दुसरी: एकेक करून चोर पकडा

आता वरचा माणूस एकेक बटण भिंतीवरून बंद करतो आणि खालचा सांगतो, दिव्याचं लुकलुकणं किती मंदावलं. सगळ्यात आधी सेट-टॉप बॉक्स, मग एसीचा स्टॅबिलायझर, मग कॉम्प्युटरचं टेबल, मग स्वयंपाकघर. या क्रमानं गेलात तर पहिल्या तीन-चार बटणांतच बहुतेक आकडा खाली येतो.

दुसरा माणूस नसेल तर हाताचा उपयोग करा. दोन-तीन तास न वापरलेल्या वस्तूला हात लावून बघा. कोमट लागली तर ती वीज खातेय. जुने, हातात जड लागणारे अ‍ॅडॅप्टर हमखास सापडतात. त्यांच्यात लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि काही न जोडताही तो एक-दोन वॅट घेतो. हलके, आधुनिक अ‍ॅडॅप्टर थंडच राहतात.

बाजारात सॉकेटमध्ये लावायचे वॅटमीटरही मिळतात. ते चांगले आहेत, पण एक-दोन वॅटच्या खालच्या आकड्यांवर फार विसंबू नका, स्वस्त मीटर तिथे चुकतात.

टीव्हीचा कोपरा

टीव्हीचा लाल दिवा बदनाम आहे, पण नव्या टीव्हीच्या बाबतीत ती बदनामी आता शिळी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले अ‍ॅलन मायर यांनी उपकरणांची स्टँडबाय वीज (रिमोटने बंद असताना ओढली जाणारी) एका वॅटखाली आणावी असा प्रस्ताव मांडला आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तो उचलून धरला. युरोपीय संघाने २०१० पासून साध्या स्टँडबायला १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या जगभरात विकण्यासाठीच माल बनवतात, त्यामुळे त्याचा फायदा आपल्यालाही मिळाला.

मात्र स्मार्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'क्विक स्टार्ट' किंवा 'इन्स्टंट ऑन' अशा नावाची सोय चालू असेल, तर टीव्ही अर्धा जागा राहतो आणि दहा वॅटच्या वरही जाऊ शकतो. ती बंद करा. टीव्ही सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर त्यातही ऊर्जाबचतीचा किंवा पूर्ण शटडाउनचा पर्याय निवडा.

सेट-टॉप बॉक्सवर औषध एकच: भिंतीवरचं बटण. दिवसातले १८ तास टीव्ही कोणी बघत नसेल, तर १० वॅटच्या बॉक्सचे तेवढ्या वेळेचे वर्षाला जवळजवळ ६६ युनिट होतात, म्हणजे सत्तरहून जास्त रिकाम्या चार्जरांइतके. सकाळी सुरू व्हायला एखाद-दोन मिनिटं लागतात, घरातले ज्येष्ठ कुरकुर करतात, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे. सकाळच्या आरतीला टीव्ही लागत असेल तर फक्त रात्रीपुरतं आणि दुपारी घर रिकामं असताना बंद करा. रेकॉर्डिंग लावलं असेल त्या दिवशी अर्थात चालू ठेवावं लागेल. बॉक्स खूप दिवस बंद राहिला तर चॅनल परत यायला थोडा वेळ लागू शकतो, एका रात्रीने काही होत नाही.

ओएलईडी टीव्हीचा मात्र अपवाद करा. रिमोटने बंद केल्यावर तो काही मिनिटं पडद्याची दुरुस्ती स्वतःच करून घेतो. रोज लगेच भिंतीवरून वीज तोडली तर ते काम अर्धवट राहतं आणि पडद्यावर डाग उमटण्याची शक्यता वाढते.

स्टॅबिलायझर, ज्याची आठवण कोणालाच नसते

माझ्या मते मराठी घरातला सगळ्यात दुर्लक्षित वीजखाऊ हाच. एसी रिमोटने बंद होतो, पण भिंतीवर वर टांगलेला स्टॅबिलायझर आकडे दाखवत तसाच घुमत राहतो. त्यातला ट्रान्सफॉर्मर एसी चालू नसतानाही दहा वॅटच्या आसपास घेतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर एसी मार्चपर्यंत लागत नाही, आणि स्टॅबिलायझर मात्र आठ-नऊ महिने राबतो. त्याचे साठेक युनिट नुसते वाया.

एसी आधी रिमोटने बंद करा. आतला पंखा थांबेपर्यंत आणि पाती मिटेपर्यंत थांबा, काही एसी बंद करताना आतला ओलावा वाळवतात. मग स्टॅबिलायझरचं बटण बंद करा. हंगाम संपला की एसीचा एमसीबीच (मेन बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) खाली पाडून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा सुरू करण्याआधी काही कंपन्या युनिटला काही तास आधी वीज द्यायला सांगतात, तेवढं पुस्तिकेत बघून घ्या.

कॉम्प्युटर आणि स्वयंपाकघर

कॉम्प्युटरच्या टेबलावर मॉनिटर, स्पीकर, प्रिंटर, यूपीएस अशी पाच-सहा तोंडं असतात. प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला आयएसआय मार्कचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. त्यावर इस्त्री किंवा हीटर लावायचा नाही, आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसायचा नाही. इंकजेट प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मग बोर्डावरून. नाहीतर शाईचं हेड झाकलं जात नाही, आणि वाचलेल्या विजेपेक्षा शाई महाग पडते.

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचं घड्याळ, आरओ, चिमणी आणि इंडक्शन. प्रत्येकी दोन-चार वॅटच्या गोष्टी, पण बटण हाताशी असल्यामुळे बंद करायला सोप्या. इंडक्शनचा पंखा थांबल्यावरच बटण बंद करा. मिक्सरची काळजी नको, तो थांबला की थांबलाच.

गीझर खरं तर या यादीत बसत नाही, पण सोडवतही नाही. टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी न वापरताही उष्णता बाहेर जात राहते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. गीझरवरचे बीईईचे (ऊर्जाबचतीची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे) तारे या गळतीवरच दिले जातात. त्यात रोज अर्ध्या युनिटाच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे घरातले सगळे चार्जर वर्षभर जेवढं खातात, ते एक-दोन आठवड्यांत.

वायफाय आणि ज्यांना हात लावू नये अशा गोष्टी

वायफायचा राउटर आणि फायबरचा डबा मिळून आठ-दहा वॅट घेतात. रात्री सात तास बंद ठेवले तर वर्षाला वीस-पंचवीस युनिट वाचतील. सीसीटीव्ही किंवा लँडलाइन त्यावर चालत असेल तर नाद सोडा. फ्रिज, इन्व्हर्टर, मत्स्यालयाचा पंप आणि आजारी माणसाचं कुठलंही उपकरण या मोहिमेतून बाहेर.

मग चार्जर? वीज वाचवण्यासाठी नाही, पण वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तेव्हा पिनच उपटून ठेवा. टीव्ही आणि राउटरचीही. टीव्हीला येणारी अँटेनाची वायरसुद्धा. नुसतं बटण बंद केल्याने अशा वेळी पूर्ण संरक्षण मिळत नाही.

सवय लागेल अशी सोय

आपल्याकडे बहुतेक प्रत्येक सॉकेटला स्वतःचं बटण असतं, ही मोठी सोय आहे. अमेरिकेत सॉकेटवर असं बटण नसतं. पण इंटिरियर करताना टीव्ही युनिटच्या मागे बटण गाडून टाकलं की ती सोय संपली. वायरमनला सांगून ते बटण खोलीच्या दाराशी, हात पोचेल तिथे आणून घ्या. स्मार्ट प्लगनेही हे होतं, मात्र तो स्वतः अर्धा-एक वॅट घेतो, त्यामुळे एका चार्जरसाठी स्मार्ट प्लग लावणं म्हणजे तोट्याचाच धंदा. सेट-टॉप बॉक्ससाठी मात्र परवडतो.

हे सगळं केल्यावर मीटरसमोर पुन्हा उभे राहा आणि दिवा मोजा. आकडा दहा-पंधरा वॅटवर आला असेल तर ठीक आहे. तरीही मोठा असेल तर घरातले एमसीबी एकेक करून पाडा, शेवटी मेन स्विच पाडा. मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकतच असेल, तर वीज मीटर आणि तुमच्या मेनच्या मधल्या वायरीतून कुठेतरी जातेय. जिन्यातला दिवा, कोणाची तरी जोडणी किंवा वायरीची गळती, काहीही असू शकतं. मग स्वतः काही उघडू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि दोष मीटरपाशीच दिसत असेल तर १९१२ वर फोन करून वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा.