लॅपटॉपला व्हायरस लागलाय: फॉरमॅट मारायचा की नवा घ्यायचा?

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंच्या लॅपटॉपवर दर दोन मिनिटांनी कोपऱ्यात एक लाल पाटी यायला लागली: ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले.’ एका दुकानदारानं मशीन उघडूनही न बघता सांगितलं, "आंटी, इसमें दम नहीं बचा, नया ले लो." काकू एफडी मोडायच्या बेतात होत्या. मी दहा मिनिटं मागून घेतली. पाहिलं तर व्हायरस नव्हताच. कुठल्याशा रेसिपीच्या साइटला त्यांनी कधीतरी ‘अलाऊ’ म्हटलं होतं आणि तीच साइट ब्राउझरमधून या पाट्या पाठवत होती. सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीतून तिचं नाव काढलं आणि पाट्या थांबल्या.

व्हायरस हा फायलींचा आजार आहे, यंत्राचा नाही. अपवाद आहेत. सीआयएच नावाच्या व्हायरसनं २६ एप्रिल १९९९ रोजी कित्येक संगणकांची बायोस चिपच, म्हणजे संगणक सुरू करून देणारी चिपच, पुसून टाकली होती. विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या भागात दडून बसणारे प्रकार आजही आहेत, पण ते घरच्या लॅपटॉपवर क्वचितच भेटतात. त्यामुळे ‘व्हायरस आला म्हणून नवा घ्या’ हा सल्ला कोणी दिला तर कारण विचारा. लॅपटॉप टाकायचा की नाही हे त्याचं वय आणि त्याची डिस्क ठरवते, व्हायरस नाही.

आधी खात्री करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीही चालू नसताना ‘डिस्क’चा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर बऱ्याचदा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. लोक मात्र बोल व्हायरसला लावतात. खऱ्या संसर्गाची लक्षणं वेगळी असतात. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात, अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो, ओळखीच्यांना तुमच्या नावानं भलतेच मेल जातात. फायलींची नावं बदलली असतील आणि शेजारी पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस.

जाळं तोडा, पासवर्ड बदला

वायफाय बंद करा. मग फोनवरून, म्हणजे लॅपटॉपवरून नव्हे, आधी मेलचा आणि नंतर बँकेचा पासवर्ड बदला. एवढ्यानं भागत नाही, कारण बरेच व्हायरस ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेतात. म्हणून खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा. पैसे गेले असतील तर दुकानाच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

डेटा बाहेर काढा

फोटो, दस्तऐवज, एक्सेलच्या फायली एवढंच घ्या. प्रोग्राम, गेम, ‘सेटअप’ नावाचं काहीही नको. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फायलींची शेपटी (नावाच्या शेवटी येणारं .पीडीएफ, .ईएक्सई वगैरे) दिसेल असं करून घ्या, म्हणजे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’सारखा बहुरूपी लगेच ओळखू येतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. ती आधी कागदावर उतरवा. अशी की हातात नसताना मशीन दुसऱ्याच्या ताब्यात दिलं की फोटोंना मुकायची वेळ येते.

रॅन्समवेअर असेल तर घाईनं फॉरमॅट मारू नका. बंद झालेल्या फायलींची एक प्रत बाजूला ठेवा. डच पोलीस, युरोपोल आणि काही अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसली तरी पुढे मिळू शकते.

मग साफसफाई

विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’वर जा आणि सगळ्यात खालचा ऑफलाइन स्कॅन निवडा. लॅपटॉप स्वतःच रीस्टार्ट होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. विंडोज सुरू होण्याआधीच ही झडती होत असल्यानं व्हायरसला लपायला आडोसा राहत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही साफसफाईची फुकट साधनं आहेत. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं, म्हणजे इंदूर स्वच्छतेत पहिल्यांदा पहिलं आलं त्याच वर्षी!

तरीही लक्षणं परतली, तर विंडोज कोरं घालायचं. दुसऱ्या, चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल, तर त्याचा परवाना सहसा मशीनमध्येच नोंदलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा घातली आणि नेट जोडलं की तो आपोआप लागू होतो. वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. आपल्याकडे मात्र ‘विंडोज मारून देतो’ म्हणत अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालवणारा चोरटा प्रोग्राम, टाकून देणारे बरेच आहेत. असल्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत व्हायरस येण्याची शक्यता मोठी असते. दर तीन महिन्यांनी तोच आजार परत येत असेल, तर आधी तिथे बघा.

आता खरा प्रश्न: ठेवायचा की बदलायचा?

क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालवा. डिस्कसमोर ‘गुड’ असेल तर ठीक. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असेल तर डिस्क बदलायची वेळ आली.

मग सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’, ‘अबाउट’ उघडून प्रोसेसर बघा. इंटेलचा आय-५ ७२०० असेल तर पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा सोय हवी. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदत ही तात्पुरती सोय आहे. म्हणजे सातव्या पिढीचं मशीन आज कितीही स्वच्छ केलंत, तरी त्याची दारं हळूहळू उघडीच पडत जाणार.

आठवी पिढी किंवा पुढची असेल, पण आत फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्त करा. इंदूरच्या सिल्व्हर मॉल किंवा जेल रोडला जाऊन एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, जागा असेल तर रॅम ८ जीबी करा आणि कोरं विंडोज नव्या एसएसडीवर घाला. एका दगडात दोन पक्षी मरतात, व्हायरसही जातो आणि रखडणंही. भाव दोन-तीन दुकानांत विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या.

जुन्या पिढीचं मशीन असेल आणि काम फक्त मेल, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घालून बघायला हरकत नाही. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही लागत असेल तर मात्र हा नाद सोडा.

बिजागऱ्या तुटल्यात, मदरबोर्डच गेलाय, शिवाय डिस्कही आजारी आहे, अशी एकाहून जास्त दुखणी असतील तर नवा घ्या. दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच चांगल्या सेकंडहँड लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर गेला की मी थांबतो. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर तो हिशेबही नंतर. आधी चार्जर काढा आणि मशीन वापरणं बंद करा.

जुना देताना

भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क काढून ठेवा. पुसलेल्या फायलीही परत काढता येतात आणि त्यात तुमच्या आधार-पॅनच्या प्रती असतात. उरलेलं मशीन कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्या, ओल्या-सुक्यात नको. फुगलेली बॅटरी असेल तर गाडीवाल्याला तसं सांगून वेगळी द्या.

काकूंचा लॅपटॉप आठव्या पिढीचा निघाला. एसएसडी बसवली आणि जुनी डिस्क केसमध्ये घालून त्यांच्या कपाटात ठेवली, नातवाच्या बारशाचे फोटो तिच्यात आहेत.